झोपडी कोणाची

शिकायला वयाचं बंधन नसतं, असं सांगणारे लोक स्वतः काही शिकत नाहीत, हे मी आता छातीठोकपणे सांगू शकतो. मी शिकलो. अख्खी भाषा नाही, कँटोनीज भाषेतली फक्त भारदस्त, चार-चार अक्षरी वचनं. बाथरूम कुठे आहे हे त्या भाषेत मला आजही विचारता येत नाही. पण एखाद्याच्या विद्वत्तेपुढे नम्र व्हायचं असेल, तर मला जरूर बोलवा.

एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन पायमोजे काढत असताना आमच्या कन्येने आपलं लग्न ठरवल्याचं जाहीर केलं. मुलगा तिच्याच ऑफिसातला, कँटोनीज बोलणाऱ्या घरातला. आम्ही त्याला ओळखत होतो. आमचा बंद पडलेला मिक्सर त्याने एकदा बोलता बोलता दुरुस्त केला होता, त्यामुळे आमच्या हिची संमती केव्हाच मिळालेली होती. कन्येकडून तो मराठीही बरं शिकला होता. मग अडलं कुठे?

"त्याचे आईबाबा तयार आहेत," कन्या म्हणाली. "पण आजोबा हो म्हणाले पाहिजेत. त्यांच्या घरात आजोबांचा शब्द शेवटचा."

आजोबा म्हणजे शाळेचे निवृत्त हेडमास्तर. त्यांनी म्हणे एवढंच सांगितलं होतं, की मुलीच्या घरची माणसं एकदा येऊ देत, कशी बोलतात ते ऐकतो आणि मग काय ते सांगतो. महिन्याभराने रविवारी बोलावलं होतं.

"आणि नाही म्हणाले तर?"

"तर तो त्यांचं मन मोडणार नाही, आणि मीही त्याला मोडायला लावणार नाही." हे ती इतक्या हळू आवाजात म्हणाली, की मी दुसरा पायमोजा काढायचा विसरलो.

कशी बोलतात ते ऐकतो! म्हणजे परीक्षा बोलण्याची, आणि तीही माझी. आता स्वतःच्या तोंडाने सांगू नये, पण पाणीपुरवठ्याच्या तक्रार विभागात मी हेडक्लार्क आहे. भारदस्त भाषा हा माझा हातखंडा. 'उपरोक्त विषयास अनुसरून' इथून सुरुवात करून 'कळावे' इथपर्यंत मी असा पोचतो, की मधल्या मजकुरात काहीच नाही हे वाचणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही. मी जाहीर केलं, की मी त्यांच्याच भाषेत, त्यांच्याच तोलाची वचनं बोलणार.

"नुसतं नमस्कार म्हणा आणि हसा," ही म्हणाली. "लग्न ठरल्यावर मला पहिलं पत्र लिहिलंत, त्यातसुद्धा 'आपले पत्र पोचले' याच्यापुढे एक ओळ कामाची नव्हती."

भाषा शिकवणारी एक संस्था गावात आहे. तिथल्या खिडकीवर मी गेलो.

"औपचारिक वचनं पाचव्या पातळीला आहेत," खिडकीतला कारकून म्हणाला.

"मग पाचवीला घाला."

"चौथीचं प्रमाणपत्र लागेल."

"बरं, पहिलीला घाला."

"पहिलीला आधी चाचणी. तुम्हाला भाषा येत नाही याची खात्री करून घ्यावी लागते."

मी चाचणीला बसलो. प्रश्नाखाली चार-चार पर्याय होते आणि मला ओ की ठो कळत नव्हतं, म्हणून मी मन मानेल तिथे खुणा केल्या. आयुष्यभर एक लॉटरी लागली नाही, पण नशिबाला उघडायला हाच मुहूर्त सापडला. इतके गुण पडले, की मी नवशिका नाही असं ठरलं. पहिलीला मी जास्त हुशार होतो आणि पाचवीला माझ्याकडे कागद नव्हता. कारकुनाचं काम इतकं निर्दोष होतं, की मला रागावताही येईना. एका कलावंताने दुसऱ्याला दाद द्यावी तशी मी मान डोलावली आणि घरी आलो.

तोवर बातमी इमारतभर झाली होती. समोरच्या दारात एक निवृत्त बँक मॅनेजर राहतात. त्यांचं प्रत्येक वाक्य 'तात्पर्य काय' ने सुरू होतं, म्हणून सगळे त्यांना 'तात्पर्य' म्हणतात. "तात्पर्य काय," ते म्हणाले, "तुम्ही घसा बसल्याचं सोंग करा. मफलर गुंडाळा. मुका माणूस कुठेही विद्वान दिसतो." खालच्या मजल्यावरच्या वहिनींचं म्हणणं, की मोठमोठ्याने मराठीच बोलावं, आवाज चढवला की सगळ्यांना सगळं कळतं. त्यांच्या यजमानांकडे बघून मला हे पटलंही होतं. शेवटी कन्येनेच चौथ्या मजल्यावरच्या दुभाषीबाईंचं नाव काढलं. बाईंची मातृभाषा कँटोनीज. कोर्टात दुभाष्याचं काम करण्यात त्यांचा जन्म गेलेला, आणि मराठी अशी स्वच्छ, की आपल्यालाच चोरट्यासारखं वाटावं.

"शिकवीन," बाई म्हणाल्या. "पण आधी माझ्या नळाला पाणी आणा. तुमच्या खात्यात तक्रार दिलेली आहे." असं म्हणून त्यांनी आमच्या खात्याचं उत्तर माझ्यासमोर धरलं. 'आपल्या तक्रारीची नोंद घेण्यात आली असून योग्य ती कार्यवाही यथावकाश करण्यात येईल.' खाली सही माझी. वाक्य सुंदरच होतं, पण त्या वेळी मला ते म्हणावं तसं आवडलं नाही. पुढचे काही दिवस मी माझ्याच ऑफिसात टेबलाटेबलावर हात जोडत फिरलो. शेवटी प्लंबरला स्कूटरवर मागे बसवून मीच घेऊन आलो. येताना त्याचा पाना माझ्या पाठीला टोचत होता. यथावकाश म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं.

नळाला धार आली आणि शिकवणी सुरू झाली. बाईंची पद्धत विचित्र. त्या वचन सांगत आणि लगेच विचारत, "कोण, कोणाला, कुठे उभं राहून?"

"म्हणजे?"

"म्हणजे शब्द नंतर. आधी जागा पाठ करा."

आता पाठांतर हा आपला पिढीजात धंदा. अर्थ न कळता पानंच्या पानं म्हणून दाखवून मी लहानपणी बक्षिसं मिळवलेली. जागा कसली पाठ करायची? मी आपला शब्दांचा रतीब घातला. आंघोळ करताना, भाजी निवडताना, साहेब बोलत असताना, माझं मनातल्या मनात चालूच.

"पुंग-बत-सांग-फाय," बाई म्हणाल्या. "आपल्या येण्याने या गवताच्या झोपडीला झळाळी आली."

"अरे वा! हे तर आपलंच! 'आज गरिबाच्या झोपडीला पाय लागले म्हणायचे!'"

"तेच. म्हणून हे यजमानाने म्हणायचं. स्वतःच्या दारात."

"हो हो," मी म्हणालो. माझं लक्ष 'फाय' लांबवायचा की आखडायचा याकडे होतं.

मग 'बत-छी-हा-मन'. आपल्याहून लहानाला विचारून शिकण्यात ज्याला कमीपणा वाटत नाही, अशा मोठ्या माणसाचं हे कौतुक. आणि 'पाव-जून-यन-युक', म्हणजे वीट फेकून रत्न काढणं. माझं बोलणं साधी वीट, ती मी यासाठी टाकली की तुमच्याकडून रत्न बाहेर यावं. "वीट नेहमी आपली आणि रत्न समोरच्याचं," बाई म्हणाल्या. "उलट झालं तर मारामारी."

ती झालीच. सोसायटीच्या सभेत सेक्रेटरी बोलायला उठले. सराव व्हावा म्हणून मी मोठ्या सौजन्याने म्हणालो, "या, आधी तुम्ही वीट टाका, मग मी रत्न काढतो." गेल्या आठवड्यात गच्चीवरच्या विटा कोणीतरी पळवल्या होत्या. सेक्रेटरींना वाटलं, मी चारचौघांत त्यांच्यावर आळ घेतोय. सभा तिथेच उधळली. "तात्पर्य काय," जिन्यात तात्पर्य म्हणाले, "मफलर."

पण खरा घोळ झाला लाँड्रीत. आमच्या इमारतीच्या खालीच लाँड्री आहे. लाँड्रीवाले घरी कँटोनीज बोलतात, आणि त्यांचे म्हातारे वडील दिवसभर गल्ल्याशेजारी खुर्ची टाकून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कपड्यांवर मतं देत बसतात. रविवारसाठी माझा एकुलता एक चांगला शर्ट इस्त्रीला दिला होता. तो आणायला गेलो, तर वडिलांची खुर्ची रिकामी. मला आदल्याच दिवशी शिकलेलं वचन आठवलं. काय प्रसंग साधून आला होता! मी रिकाम्या खुर्चीकडे हात केला आणि भरल्या गळ्याने म्हणालो, "यम-युंग-यून-जॉय." तो आवाज, तो चेहरा, जणू अजून इथेच आहेत.

लाँड्रीवाल्यांचा चेहरा पांढराफटक पडला. हातातली इस्त्री होती तिथेच सोडून ते फोनकडे धावले. मलाही कळेना, वचन इतकं मनाला भिडावं असं काय बोललो. पलीकडून फोन कोणी उचलेना, तसं ते पुन्हा पुन्हा नंबर फिरवायला लागले. तेवढ्यात वडील दारातून आत आले, गालावर हात धरून. दाताच्या डॉक्टरकडे गेले होते. लाँड्रीवाल्यांनी त्यांना मिठी मारली आणि मग माझ्याकडे जे पाहिलं, ते कोणत्याही भाषेत समजण्यासारखं होतं. ते वचन अंत्यसंस्काराला म्हणतात.

"सांगितलं होतं मी," दुभाषीबाई म्हणाल्या. "पण तुम्ही तेव्हा 'जॉय' घोकत होतात."

आणि इस्त्री? ती माझ्या शर्टावरच होती, छातीवर, बरोबर खिशाशेजारी. नवा शर्ट आणायला ही तयार होती. पण ज्याने घोळ केला त्याने तो छातीवर वागवावा, अशी मी उगाच प्रतिज्ञा केली आणि वर कोट घालायचं ठरवलं. प्रतिज्ञा करताना उन्हाळा विचारात घेतला नव्हता.

रविवार उजाडला. मी, ही आणि कन्या असे तिघे त्यांच्या दाराशी उभे राहिलो. कोटाची सगळी बटणं लावलेली, पाठीवरून घामाचे ओघळ. कन्येने माझा हात धरला होता. शाळेच्या पहिल्या दिवशी धरला होता तसाच. फरक इतकाच, की आत या वेळी मला जायचं होतं.

दार उघडलं. प्रशस्त खोली, भिंतभर पुस्तकं, खिडक्यांना इस्त्रीचे पडदे. मुलाचे आईवडील हसून पुढे झाले. मागे ताठ पाठीच्या खुर्चीत आजोबा बसलेले. पांढऱ्या भुवयांखालून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मला माझे हेडमास्तर आठवले. डोकं एकदम पाटीसारखं कोरं झालं. त्या कोऱ्या पाटीवर जे पहिलं उमटलं, ते मी खणखणीत आवाजात, लांब 'फाय' काढून, उंबऱ्यातच म्हणून टाकलं.

"पुंग-बत-सांग-फाय!"

 मुलाच्या आईने आपल्या पडद्यांकडे पाहिलं. मुलाच्या वडिलांनी छताकडे पाहिलं. आजोबांनी एकच वाक्य विचारलं. मुलाने त्याचं मराठी करायला बराच वेळ लावला.

"आजोबा विचारतात..." तो म्हणाला, "झोपडी कोणाची?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. पाहुणा म्हणून दारात उभं राहून मी त्यांच्या घराला गवताची झोपडी म्हणालो होतो, आणि माझ्या आगमनाने तिला झळाळी आली असंही वर सांगितलं होतं. ही माझ्या कोटाची बाही मागून ओढत होती. इथे थांबलो असतो तर निभावलं असतं. पण खड्ड्यात पडलेला माणूस आधी हातपाय झाडतो. चूक झाली, मी शिकायला तयार आहे, विचारण्यात मला कसलाही कमीपणा नाही, असं सांगायच्या घाईत मी हात जोडले आणि म्हणालो, "बत-छी-हा-मन!"

म्हणजे, तुझ्यासारख्या खालच्या माणसाला विचारण्यातही माझ्यासारख्या थोराला लाज वाटत नाही.

मुलाने याचं भाषांतर केलं नाही. गरजच नव्हती. कन्येने माझा हात सोडला आणि डोळे मिटून घेतले. तिच्या मिटलेल्या पापण्या ओल्या झालेल्या मला दिसल्या. आयुष्यात पुष्कळ ठिकाणी माझं हसं झालं आहे, मला त्याची सवय आहे. पण या वेळी त्याची किंमत ती मोजणार होती. जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं मला अगदी मनापासून वाटलं.

आजोबा उठले. काठी टेकत कोपऱ्यात गेले आणि तिथलं एक बुटकं लाकडी स्टूल पायाने ढकलत माझ्यापुढे आणलं. बोट दाखवलं. मी बसलो. गुडघे हनुवटीला लागले.

आणि मग आजोबा बोलायला लागले. सुरुवातीला सावकाश, मग भरभर, मग काठी बाजूला ठेवून दोन्ही हातांनी. झोपडी कोणाची आणि झळाळी कोणाची, कोणी वाकायचं आणि कोणाला उंच धरायचं, एकच वचन उंबऱ्याच्या आत गोड आणि बाहेर शिवी कसं होतं. एकातून दुसरं निघालं, दुसऱ्यातून तिसरं. मुलगा तुकड्यातुकड्याने मराठी करत होता, नंतर तोही करायचा विसरला आणि नुसता ऐकत राहिला. आजोबांचे गाल लाल झाले. आवाज खोलीत मावेना. मुलाच्या वडिलांनी त्याच्या कानात काहीतरी सांगितलं, ते त्याने मला सांगितलं.

"बाबा म्हणतात, आजोबा असे बोलले त्याला कितीतरी वर्षं झाली. घरात ही वचनं आता कोणी वापरत नाही. मग चुकणार कोण? आणि आजोबा दुरुस्त कोणाला करणार?"

आजोबा थांबले. दम लागला होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. वर्ग संपल्यावर मास्तर, काही कळलं का रे, म्हणून बघतात तसं. सगळे माझ्याकडेच बघायला लागले. हिने डोळ्यांनीच सांगितलं, की आता तोंड उघडू नका.

कोण, कोणाला, कुठे उभं राहून? दुभाषीबाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. कोण? काही न येणारा मी. कोणाला? सगळं येणाऱ्याला. कुठे? उभं नाहीच, बुटक्या स्टुलावर. मी काय टाकलं होतं? दोन ओबडधोबड विटा. आणि त्यामुळे या म्हाताऱ्या माणसातून आत्ता काय बाहेर आलं होतं?

मी हळूच म्हणालो, "पाव-जून-यन-युक."

या वेळी मी कुठलंच अक्षर लांबवलं नाही.

 आजोबांनी दोन्ही हात मांडीवर आपटले आणि असे हसले, की मुलाची आई पाणी आणायला धावली. हसता हसता ते काहीतरी म्हणाले. मुलाने ते कन्येकडे बघत सांगितलं.

"आजोबा म्हणतात, लग्नाची तारीख तुम्ही बायका ठरवा. याला मात्र दर रविवारी माझ्याकडे पाठवा."

कन्येने माझ्या गळ्यात हात टाकले आणि स्टूल डगमगून आम्ही दोघं जवळजवळ पडलो. मला इतका आनंद झाला, की मी सगळ्यांसमोर कोट काढून टाकला. छातीवरचा इस्त्रीचा डाग सगळ्यांनी पाहिला. मग लाँड्रीची हकीकत सांगणं भाग पडलं. आजोबांनी ती दोनदा सांगायला लावली, आणि दुसऱ्यांदा ऐकून झाल्यावर डोळे पुसत नातवाकरवी म्हणाले, "ते वचन माझ्यासाठी राखून ठेवा. घाई नाही."

इमारतीत माझा भाव एकदम वधारला. सेक्रेटरींनी विटांचं प्रकरण मागे घेतलं. तात्पर्य आता "तात्पर्य काय, मी सांगितलंच होतं" असं सांगत फिरतात. लाँड्रीवाल्यांनी नवा शर्ट फुकट इस्त्री करून दिला, फक्त दुकानात तोंड उघडायचं नाही या अटीवर.

पुढच्या महिन्यात आजोबांची स्वारी आमच्याकडे येणार असं ठरलं. आता दार माझं, झोपडी माझी, पाहुणे ते. 'पुंग-बत-सांग-फाय' म्हणण्याचा हक्क पृथ्वीच्या पाठीवर या क्षणी फक्त मला होता. ठरल्या दिवशी दुभाषीबाई मुद्दाम येऊन माझ्या मागे उभ्या राहिल्या. जिन्यात शेजारी गोळा झाले. आजोबा नातवाच्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढत वर आले, पाठ ताठ केली, आणि मी श्वास भरून घेतोय तोच हात जोडून खणखणीत मराठीत म्हणाले,

"आज गरिबाच्या झोपडीला पाय लागले म्हणायचे!"

 हिने आमच्या पडद्यांकडे पाहिलं. तात्पर्यांनी छताकडे पाहिलं. भावी जावयाने कपाळाला हात लावला आणि पुटपुटला, "हे यांनी आठवडाभर पाठ केलंय." माझ्या मागून दुभाषीबाई खोकल्या.

आजोबा पांढऱ्या भुवया वर करून माझ्याकडे बघत होते. ती चूक खरी होती की मुद्दाम केलेली, हे त्या चेहऱ्यावरून ओळखणं शक्य नव्हतं आणि मी आजवर विचारलेलंही नाही. मी घसा खाकरला. स्वयंपाकघरातलं बुटकं स्टूल पायाने ढकलत त्यांच्यापुढे आणलं.

"आजोबा," मी म्हणालो, "झोपडी कोणाची?"